तीस हजारांचे साडेबावीस कसे झाले?

ताई,
मी भांडुपला राहते. बी.कॉम. झाले आणि जुलैपासून अंधेरीच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला लागले. ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख ६० हजार असं लिहिलं होतं, म्हणून घरी आणि चाळीत सगळ्यांना महिन्याला ३० हजार सांगून मोकळी झाले. हातात आले २२,५००. दुसऱ्या महिन्यातही तेवढेच. बाबा म्हणतात, हे लोक फसवतायत, सोड. माझा कॉलेजचा मित्र दुसरीकडे ‘कन्सल्टंट’ म्हणून लागला, त्याला त्याच ३० हजारांतले २७ हजार मिळतात. तो म्हणतो, पीएफच्या भानगडीत पडायचंच नाही. मामांच्या ओळखीचे एक विमा एजंट टॅक्स वाचवायला आत्ताच पॉलिसी घे म्हणून मागे लागलेत. एचआरने ‘जुनी की नवी टॅक्स पद्धत’ असं विचारलंय, मला दोन्ही माहीत नाहीत. आणि जॉइनिंगच्या दिवशी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली, ती अजून परत दिलेली नाही. सोबत सॅलरी स्लिप आणि ऑफर लेटरची पुरवणी पाठवते आहे. काय करू?
एक गोंधळलेली नोकरदार, भांडुप

बाळा, ऑफर लेटरची पुरवणीही पाठवलीस ते फार बरं केलंस. बहुतेक जण नुसती स्लिप पाठवतात आणि मग साडेसात हजार गेले कुठे याचा हिशेब लागत नाही, कारण त्यातले निम्म्याहून जास्त पैसे स्लिपवर येतच नाहीत.

आधी ते ७,५०० जमवून बघू. ३ लाख ६० हजार हा तुझा पगार नाही, ती सीटीसी आहे, म्हणजे तू वर्षभर कामावर असलीस तर कंपनीला पडणारा एकूण खर्च. महिन्याला ३० हजार धरले, तर त्यातले २,५०० ‘व्हेरिएबल’ आहेत. ते दर महिन्याला मिळत नाहीत, पुरवणीत लिहिल्याप्रमाणे मार्चमध्ये एकदम मिळायचे आहेत. १,८०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ. ७२२ ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे काही वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, बाजूला दाखवलेले. ४७८ ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता. उरले २४,५००, हा तुझा ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा पगार. स्लिप सुरू होते ती इथून: बेसिक १५,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता ६,०००, स्पेशल अलाउन्स ३,५००. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की राहतात २२,५००. बरोबर साडेसात हजार जमले.

तेव्हा बाबांना सांग की फसवणूक नाही. त्यांच्या वेळी बेसिक आणि महागाई भत्ता सांगायचे आणि तोच पगार असायचा. आता कंपन्या मोठ्यात मोठा आकडा पुढे करतात, कारण त्या आकड्यावर माणूस हो म्हणतो. मला ही पद्धत मुळीच आवडत नाही, पण ती बेकायदा नाही. पुढच्या नोकरीच्या वेळी एचआरला एकच विचारायचं: सगळं कापून, व्हेरिएबल सोडून, महिन्याच्या शेवटी बँकेत किती जमा होणार? आणि उत्तर मेलवर मागायचं.

पण तुझ्या स्लिपमध्ये एक चूक आहे, आणि ती आहे त्या २०० रुपयांत.

व्यवसाय कर म्हणजे प्रोफेशनल टॅक्स. हा इन्कम टॅक्स नव्हे. तो केंद्राचा, हा राज्याचा. महाराष्ट्रात पुरुषांचा महिन्याचा पगार १० हजारांच्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० कापतात. राज्यघटनेने या कराला २,५०० ची मर्यादाच घातली आहे, म्हणून फेब्रुवारीतला तो जादाचा शंभर. बायकांसाठी मात्र १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. तुझा ग्रॉस २४,५००. म्हणजे तुझा शून्य कापला जायला हवा होता आणि दोन महिन्यांत ४०० गेले. बहुतेक पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तुझी नोंद चुकीच्या रकान्यात पडली असेल. लाजू नकोस, लगेच विचार. एक लक्षात ठेव, हा कर त्या त्या महिन्याच्या पगारावर ठरतो. मार्चमध्ये व्हेरिएबलचे पैसे पगारात आले की त्या महिन्याचा आकडा २५ हजारांच्या वर जाईल आणि तेव्हा २०० कापले तर ते बरोबर असेल.

(हा कर आला कुठून, हे पगारदारांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं तर पैसा लागणार, तो शहरातल्या पगारदारांकडून आणि धंदेवाल्यांकडून उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. तुला लागू नसला तरी शेजारच्या टेबलावरचा दादा दर महिन्याला २०० वरून कुरकुरत असेल, तर त्याला हे सांग.)

आता पीएफ. तुझ्या मित्राला ही भानगड वाटते, मला वाटत नाही. तुझे १२ टक्के, कंपनीचे १२ टक्के, दोन्ही बेसिकवर. पण पासबुक उघडशील तेव्हा तुझ्या खात्यात १,८०० आणि कंपनीचे फक्त ५५० दिसतील, आणि तू पुन्हा दचकशील. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शन योजनेत जातात. पासबुकात त्यांचा रकाना वेगळा असतो, कोणी खाल्लेले नसतात. ते पेन्शन म्हणून मिळायला एकूण १० वर्षांची नोकरी लागते, एकाच कंपनीत असायला हवी असं नाही. बाकीचे २,३५० दर महिन्याला तुझ्या नावावर साठतात, म्हणजे वर्षाला २८,२००. त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. तुझ्या वयाचं कोण स्वतःहून दर महिन्याला इतके बाजूला टाकतं, सांग. शिवाय पीएफबरोबर एक विमा आपोआप येतो, कमाल ७ लाखांपर्यंतचा, आणि त्याचा हप्ता कंपनी भरते. म्हणून खात्यात नॉमिनी टाकून ठेव. आईचं नाव टाक, बाबांचं टाक, पण रकाना मोकळा ठेवू नकोस.

कंपनीने ज्या महिन्याचा पीएफ कापला, तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तू जुलैत लागलीस, तेव्हा जुलैचे पैसे एव्हाना पासबुकात दिसायला हवेत. स्लिपवर कापलेले दिसतात आणि पासबुकात नाहीत, असं झालं तर तिथे मात्र बाबांचा संशय बरोबर. तेव्हा आधी एचआरला लेखी विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद करायची. त्यासाठी वांद्र्याच्या भविष्य निधी भवनात खेटे घालावे लागत नाहीत.

पासबुक उघडायला यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर लागतो, तो बारा आकडी नंबर स्लिपवर असतो. इथेच मराठी पोरांचं हमखास अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर तुझं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव. पॅन काढताना कोणीतरी वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर टाकलेलं. बँकेत वडिलांचं नावच नाही. त्यात आडनाव सावंत असलं की एका कागदावर इंग्रजी डब्ल्यू, दुसऱ्यावर व्ही. मार्कशीटवरचा क्रम वेगळा असला तरी बिघडत नाही, पण आधार, पॅन, पीएफ आणि बँक या चार ठिकाणी स्पेलिंग, जन्मतारीख सगळं सारखं हवं. पैसे काढताना किंवा नोकरी बदलल्यावर पीएफ नव्या खात्यात नेताना क्लेम परत येतात ते बरेचदा याच कारणावरून. आज तुझ्या खात्यात दोन महिन्यांचे पैसे आहेत, दुरुस्ती सोपी आहे. आधार जोडलेल्या नव्या खात्यांत बरेचसे बदल ऑनलाइन होतात. पाच वर्षांनी, जुनी कंपनी बंद पडल्यावर हे करत बसणं म्हणजे डोक्याला ताप. आणि कॉलेजात असताना एखाद्या मॉलमध्ये किंवा एजन्सीत दोन महिने काम केलं असशील तर तेव्हाचा यूएएन असू शकतो. तो असेल तर एचआरला तोच दे. माणूस एक, यूएएन एक.

नोकरी सोडलीस की पीएफ लगेच काढून घ्यायचा मोह होईल. काढू नकोस, नव्या कंपनीत ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर टॅक्स लागू शकतो, आणि त्यासोबत पेन्शनचेही पैसे काढलेस तर ती १० वर्षंही मोडतात.

ग्रॅच्युइटीबद्दल थोडक्यात. ते ७२२ रुपये कुठल्याही खात्यात तुझ्या नावाने साठत नाहीत, कंपनीने खर्चात धरलेला तो आकडा आहे. सलग पाच वर्षं राहिलीस तर याच बेसिकवर साधारण ४३ हजार होतील, त्याआधी सोडलीस तर शून्य. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. तू कायम आहेस की मुदतीच्या कंत्राटावर, हे तुझ्या नियुक्तिपत्रात बघ. व्हेरिएबलबद्दल तर एचआरला नक्की विचार: ते कशावर ठरतं, प्रोबेशनमध्ये मिळतं का, आणि देण्याच्या तारखेला नोटीस पिरियडवर असलेल्याला मिळतं का. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असतं. म्हणून हे २,५०० घरखर्चात धरू नकोस. मेडिक्लेमचं ई-कार्ड मागून फोनमध्ये ठेव, ते पैसे तुझ्याच सीटीसीतून गेलेत.

आता इन्कम टॅक्स, ज्याची तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे आणि ज्याचा तुझ्याशी सध्या काही संबंध नाही. तुझा वर्षाचा ग्रॉस २ लाख ९४ हजार, आणि मार्चचे व्हेरिएबलचे ३० हजार पूर्ण मिळाले तरी ३ लाख २४ हजार. २०२५-२६ पासूनच्या नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. त्यापुढे ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के अशा पायऱ्या आहेत. पण १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर तो टॅक्स सूट देऊन माफ होतो, आणि पगारदाराला त्याआधी ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते. म्हणून लोक ‘पावणेतेरा लाखांपर्यंत काही नाही’ असं म्हणतात. एचआरला कळव, नवी पद्धत. काहीच कळवलं नाहीस तरी नवीच धरतात. जुन्या पद्धतीत घरभाडं, विमा, पीएफ असल्या वजावटी दाखवता येतात, पण तिचा विचार मोठा पगार, भाड्याचं घर किंवा गृहकर्ज असलेल्यांनी करायचा. ऑफिसात कोणी सांगेल, आई-बाबांना भाडं देते असं दाखव, पावत्या कर. जो टॅक्स लागतच नाही तो वाचवायला खोट्या पावत्या कशाला?

याच हिशेबाने ते विमा एजंट. ‘८० सी’ म्हणून ज्या गुंतवणुकी सांगतात, त्यांची वजावट नव्या पद्धतीत नाही. म्हणजे महिन्याला दोन हजारांची पॉलिसी घेतलीस तर टॅक्स वाचेल बरोबर शून्य रुपये, आणि हप्ते वीस वर्षं डोक्यावर. मामांचा मान राखून सांग, माझ्यावर टॅक्स नाही, लागेल तेव्हा बघू. ते म्हणतील, आत्ता वय कमी म्हणून हप्ता कमी. त्यावर फक्त हसायचं.

रिटर्न भरायचं का? तुझ्या उत्पन्नावर सक्ती नाही. तरी मी म्हणेन, भर. फुकट आहे, आयटीआर-१ हा सोपा फॉर्म आहे, पगारदारांसाठी मुदत ३१ जुलै असते, आणि उद्या कर्ज किंवा व्हिसासाठी तेच कागद मागतात. ज्याला सगळे फॉर्म १६ म्हणतात ते सर्टिफिकेट कंपनी टॅक्स कापला असेल तरच द्यायला बांधील असते, म्हणून तुला कदाचित मिळणार नाही. बाराच्या बारा स्लिपा डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव. ऑफिसच्या मेलवर नको. नोकरी सुटली की तो मेल दुपारपर्यंत बंद होतो.

आता मित्र. रोख पैसे त्याला जास्त मिळतात हे खरं आहे, उगीच नाही म्हणणार नाही. त्याचे जे १० टक्के, म्हणजे ३,००० कापतात, तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापलेला इन्कम टॅक्स. ते त्याच्या पॅनवर सरकारकडे जमा होतात, आणि वर्षाला ३ लाख ६० हजार एवढंच उत्पन्न असेल तर टॅक्स शून्य, म्हणजे वर्षाचे ३६ हजार त्याला परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरलं तरच. तो भरतो का, विचार त्याला. आणि त्याला आयटीआर-१ चालणार नाही, कारण कायद्याच्या लेखी त्याला पगार नाहीच, त्याचा व्यवसाय आहे. पहिल्या वर्षी एखाद्या सीएकडे बसावं त्याने. कंपनीने कापलेला टीडीएस खरंच भरला का, ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस नावाच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं.

आता दुसरी बाजू. तो डेंग्यूने तीन आठवडे पडला तर तेवढे पैसे गेले. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, मेडिक्लेम स्वतःचा. बँकेत कर्जाला गेला तर सॅलरी स्लिप नाही. स्वतःच्या वेळेने चार कंपन्यांची कामं करणाऱ्या माणसाला कन्सल्टंट म्हटलं तर ठीक. पण सकाळी साडेनऊला थंब मारायचा, रजेसाठी साहेबांची परवानगी, कंपनीचा लॅपटॉप, दुसरीकडे काम करायला बंदी, आणि कागदावर कन्सल्टंट? याला मी कंपनीने वाचवलेला पैसा म्हणते. तेविसाव्या वर्षी ते २७ हजार गोड लागतात. वर्षभराचा करार असेल तर त्याने वर्षानंतर पेरोलवर घ्या म्हणून मागावं, नाही तर तेवढ्यात दुसरं बघावं. तू मात्र त्याचं ऐकून एचआरला ‘माझा पीएफ कापू नका’ असं सांगायला जाऊ नकोस. १५ हजारांपर्यंत बेसिक असलेल्याला तसाही तो पर्याय नसतो.

शेवटी मार्कशीट, आणि खरं तर हे पहिलं काम. ओरिजिनल बघून, झेरॉक्सशी ताडून त्याच दिवशी परत द्यायचं असतं. पडताळणीसाठी कंपनीला ओरिजिनल कपाटात ठेवायची गरज नाही. ती ठेवतात ते पोरांनी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. हरवली तर डुप्लिकेटसाठी कलिनाला युनिव्हर्सिटीत चकरा तू मारणार, एचआर नाही. जॉइनिंगच्या वेळी कुठल्या बाँडवर, म्हणजे ठरावीक काळाआधी सोडलं तर पैसे भरीन अशा करारावर, सही केली होतीस का, तेही आठव. बाँड असला तर तो मला पाठव, वाचून सांगते. सगळेच बाँड फुसके नसतात. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, २ लाखांचा बाँड वैध धरला आहे. पण बाँड असो नसो, त्याचा आणि मार्कशीट अडकवण्याचा संबंध नाही.

एकच मेल कर, स्वतःच्या ईमेलला सीसी ठेवून. तीन मुद्दे, गोड भाषेत. एक, माझा ग्रॉस २४,५०० असल्याने महिलांसाठीच्या मर्यादेत व्यवसाय कर लागू नाही, दोन महिन्यांचे ४०० पुढच्या पगारात जमा करावेत. दोन, जॉइनिंगच्या तारखेला दिलेली मूळ गुणपत्रिका पडताळणी झाली असल्यास परत मिळावी, मी कोणत्या दिवशी येऊ? तीन, व्हेरिएबलचं धोरण पाठवावं. नव्या पद्धतीचं कळवायचं तेही त्यातच लिहून टाक. तोंडी विचारलंस तर ‘बघते हं’ म्हणतील आणि विसरतील. बऱ्याच ऑफिसांत त्या महिन्याच्या पगाराचं काम २० ते २५ तारखेच्या दरम्यान बंद होतं, तेव्हा त्याआधी मेल जाऊ दे, नाहीतर सप्टेंबरच्या स्लिपवर पुन्हा ते २०० दिसतील.